सात शब्दांइतका वेळ

त्यांनी माझा उजवा हात मनगटाशी धरला आणि शेगडीवर नेला, तेव्हा मला त्या कचेरीत रुजू होऊन अर्धा दिवसही झाला नव्हता. तळवा खाली, निखाऱ्यांपासून वीतभर उंच. त्यांच्या दुसऱ्या हातात मी नुकताच लिहिलेला कागद होता.

"आता तुझं वाक्य वाच," ते म्हणाले. "सावकाश. वाक्य संपलं की हात काढ."

वाक्य असे होते : 'ही वार्ता ऐकून कारभाऱ्यांच्या सर्वांगाचा भडका उडाला.' मी 'कारभाऱ्यांच्या'पर्यंत आलो आणि हात ओढून घेतला.

"एवढ्यातच?" ते म्हणाले. "तुझा नुसता तळवा होता. कारभाऱ्यांचं तू सर्वांग म्हणतोस."

हात भाजला नव्हता, पण मी हादरलो होतो. मी सव्वीस वर्षांचा होतो, घरी बायको आणि मुलगी होती, आणि एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थाने भर कचेरीत माझा हात विस्तवावर धरला होता. शेजारच्या बैठकीवरचा कारकून मान वर न करता म्हणाला, "सगळ्यांचं झालंय. त्यांनी आधी स्वतःचा धरला होता."

ती कचेरी शुक्रवार पेठेत होती. उत्तरेत मुक्काम असलेल्या एका सरदारांचे पुणे दरबारातले वकील तिथे राहत. सरकारवाड्यात कोण आले, कोण गेले, बाजारात काय चालले आहे, कोण वारले, कुठे आग लागली, हे सगळे दर तिसऱ्या दिवशी पुण्याहून सरदारांना लिहून जात असे. लिहिणारे आम्ही चौघे अखबारनवीस, आणि आमच्यावर ते. समोर आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, पुण्यात दर चौथ्या गृहस्थाला म्हणतात तसे. पाठीमागे त्यांचे नाव पाणक्या होते, कारण आमच्या कागदांतली प्रत्येक आग ते विझवत असत.

नियम एकच होता. आग लागली असेल तरच आग लिहायची. इतर कुठेही विस्तव, ठिणगी, वणवा, निखारा, राख, धूर आणता कामा नये. संध्याकाळी बोरू पुसून ठेवताना ते त्या दिवशीचा आकडा सांगत : "आज विझवलेल्या पाच." एकदा नऊ झाल्या, त्या दिवशी ते लवकर घरी गेले.

पुणेकरांच्या बोलण्यातून विस्तव काढून घेतला तर काय उरते, हे मला तिथे कळले. फार थोडे उरते. इथे माणूस मत्सराने जळतो, रागाने पेटतो, विरहाने होरपळतो, अनुभवाने पोळतो आणि मग ताकही फुंकून पितो. भूक लागली तर पोटात आग पडते. दोघे भांडत असले तर तिसरा तेल ओततो. आवडते माणूस दिसले की डोळे निवतात, म्हणजे त्याआधी ते तापलेले असले पाहिजेत. महिनाभरात मला घरीही हे सगळे वेगळे ऐकू येऊ लागले. एकदा बायको म्हणाली, "जळ्ळं मेलं ते दफ्तर, जेवायला या." मी थांबलो आणि तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "त्या तुमच्या पाणक्यांना म्हणावं, बाकी काय विझवायचं ते विझवा. आमची चूल तेवढी राहू द्या."

'अंगाची लाही लाही झाली' असे एका कारकुनाने लिहिले, तेव्हा तात्यांनी त्याला उठवले आणि बुधवारातल्या भडभुंज्याच्या दुकानासमोर नेऊन उभे केले. तापलेल्या वाळूत ज्वारी पडत होती, फुटत होती, उडत होती. भडभुंज्याने विचारले, "काय देऊ?" तात्या म्हणाले, "काही नको. याला बघायचंय." कारकून घामाघूम होऊन तासाभराने परत आला. तात्यांनी त्याचा कागद पुढे केला. त्याने स्वतःच ते वाक्य खोडले आणि लिहिले, 'फार उकडते.'

कीर्तनालाही ते सोडत नसत. एका देवळात हरिदासबुवा एका पतिव्रतेच्या अग्निदिव्याचे आख्यान रंगवत होते. अग्नी तिला चंदनासारखा शीतळ झाला, असे बुवा म्हणाले. तात्या गर्दीतून म्हणाले, "बुवा, आपण हात घालून पाहिला होतात का?" टाळ थांबले. बुवाही पुण्याचेच होते. ते म्हणाले, "आपण ऐकायला आला आहात की विझवायला?" लोक हसले. तात्याही हसले आणि खाली बसले. होळीला मात्र ते हसत नसत. पेठेतली होळी पेटली की ते एक भरलेली घागर घेऊन बाजूला उभे राहत आणि होळी विझेपर्यंत जागचे हलत नसत. त्यांना कोणी बोलावलेले नसे आणि घागर कधी लागलीही नाही.

या सगळ्यामागे काय आहे ते त्यांनी एकदाच सांगितले. तरुणपणी ते फौजेबरोबर लिहिणारे म्हणून फिरले होते. एका गावाविषयी त्यांनी पत्रात लिहिले, 'गाव बेचिराख केले.' तो शब्द ठरलेला होता, सगळेच लिहीत. पत्र रवाना झाल्यावर ते गाव पाहायला गेले.

"बेचिराख म्हणजे जिथं दिवा नाही असं," ते म्हणाले. "तिथं एक दिवा होता. कोपऱ्यातल्या घरात. तेल होतं, वात होती, जळत होता. माणूस नव्हतं." एवढे बोलून त्यांनी पुढचा कागद ओढला.

दिव्यांचे, म्हणजे अग्निपरीक्षांचे, निकाल ते ज्या पद्धतीने लिहीत, तेही इथेच सांगून ठेवतो. गावोगावचे हक्काचे तंटे साक्षीपुराव्याने सुटले नाहीत की त्या काळी दिव्याने तोडत. उकळत्या तेलात हात घालून धातूचा रवा बाहेर काढायचा. हात पोळला तर माणूस खोटा, शाबूत राहिला तर खरा. याविषयी कोणालाही शंका नसे. तात्या लिहीत, 'तेल तापवले. हात पोळला.' पुढे 'खोटा ठरला' हे शब्द वकिलांना स्वतः घालावे लागत. मी एकदा कारण विचारले.

"तेल तापलं होतं, हात पोळला," तात्या म्हणाले. "यात बातमी काय आहे? न पोळता तर लिहिलं असतं."

असा हा माणूस. आणि तरीही आमच्या कामात एक पद्धत होती, तीही त्यांनीच मला शिकवली होती.

टपाल नेणाऱ्या जासूदांची जोडी दर तिसऱ्या दिवशी दुपारी निघे. ती कोणासाठी थांबत नसे. मग दुपारनंतर जे व्हायचे ठरलेले असेल, ते झाले म्हणून लिहायचे. श्रीमंतांची स्वारी संध्याकाळी पर्वतीला जायची असेल तर सकाळीच लिहायचे, 'स्वारी पर्वतीस जाऊन आली.' लग्न गोरज मुहूर्तावर असेल तर कागदावर ते सकाळीच लागायचे. पत्र पोचायला वीस दिवस लागत. तोवर स्वारी जाऊन येई, लग्न लागे आणि कागद खरा होई. सगळ्या वकिलांच्या कचेऱ्यांतून असेच चाले. यात खोटे काही आहे असे आम्हा कोणालाच वाटत नव्हते. तात्यांनाही वाटत नव्हते.

त्या वैशाखात उत्तरेच्या टपालाबरोबर एक पागोटे आले. सरदारांच्या पथकातला एक शिलेदार छावणीत तापाने वारला होता. घर नारायण पेठेत होते. पागोटे पोचवायला मी गेलो. दारात त्याचा धाकटा भाऊ उभा होता. त्याने ते दोन्ही हातांनी घेतले. आतून बायकांचे रडणे ऐकू आले. त्यांतली त्याची बायको कोणती, ते मला कळले नाही. मी तिला पाहिले नाही आणि तिचा आवाज वेगळा असा ऐकला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण दोन दिवसांनी मी तिच्याविषयी लिहिले.

नवरा दूरदेशी वारला तर त्याच्या पागोट्याबरोबर चितेवर जायचे, अशी तेव्हा चाल होती. सगळ्याच जात असे नव्हे. थोड्या जात.

दोन दिवसांनी सकाळी तो धाकटा भाऊ, म्हणजे तिचा दीर, कचेरीत आला आणि माझ्यासमोर बसला.

"वहिनी जाणार आहेत," तो म्हणाला. "आज तिसऱ्या प्रहरी. नदीवर तयारी चालू आहे. आपले जासूद दुपारी निघतात ना?"

"हो."

"मग आजच्याच पत्रात जाऊ द्या. दादांची पथकातली जागा रिकामी आहे. पुढच्या पत्रापर्यंत ती भरली, तर मग कळवून उपयोग काय?"

घरातून सती गेली तर त्या घराकडे सरदार वेगळ्या नजरेने पाहतात, हे त्याला ठाऊक होते आणि मलाही ठाऊक होते. मी लिहायला घेतले. तात्यांची आठवण होती, पण असा मजकूर साधा लिहिणे मला शोभेसे वाटेना. मी लिहिले, 'शिलेदारांच्या स्त्रीने अग्नी ही फुलांची शेज मानून, मुखावर ज्वाळेचे तेज धारण करून, हसतमुखाने पतीच्या पागोट्यासह सहगमन केले.'

तात्यांनी कागद वाचला.

"हसतमुखाने, हे कुणी पाहिलं?"

"अजून व्हायचंय, तात्या. तिसऱ्या प्रहरी."

"जाते म्हणाली, हे तू ऐकलंस?"

"दीर म्हणाले."

"दिराला कोण जाळतंय?"

त्यांनी बोरू शाईत बुडवला आणि खोडायला सुरुवात केली. शेज गेली, ज्वाळा गेली, तेज गेले, हसू गेले. सहगमनही गेले. वर त्यांनी स्वतःच्या अक्षरात सात शब्द लिहिले : 'शिलेदारांची स्त्री आज नदीकाठी चितेवर जळून मेली.'

वकील तेवढ्यात बाहेर आले. त्यांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"असं लिहितात होय, तात्या? सहगमन म्हणा. चार माणसांत वाचलं जातं."

"तिथं काय होणार आहे?"

"सहगमनच."

"म्हणजे काय होणार आहे?"

वकील आत गेले. जासूद दारात उभे होते. शेगडीवर लाख वितळली होती. लखोटा बंद झाला, त्यावर शिक्का बसला आणि तो गेला.

ही घटका मी पुष्कळदा आठवून पाहिली आहे. माझ्या वाक्यात खोटे दागिने होते. तात्यांनी ते एकेक करून उतरवले. पण जे अजून घडलेलेच नव्हते ते झाले म्हणून सांगणारा शब्द, 'केले', तेवढा उतरला नाही; तो 'मेली' होऊन राहिला. दागिने गेल्यावर तर ते वाक्य अधिकच खरे दिसू लागले.

लखोटा गेल्यावर तात्यांनी अंगरखा चढवला. "चल," ते म्हणाले. "लिहिलंय तर पाहून येऊ."

मुठेच्या वाळवंटात दोनेकशे माणसे असावीत. चिता रचून झाली होती, मधे लाकडे आणि कडेने गोवऱ्या. वाजंत्री वाजत होते. ती आली तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिले. वीस-बावीसची असेल. हातांत पागोटे होते. वैशाखाच्या उन्हाने वाळू तापली होती आणि ती अनवाणी होती. पाय टेकला की लगेच उचलत होती, दुसरा टेकत होती, तोही उचलत होती.

माझ्या पुढचा माणूस म्हणाला, "बघा, देहभान नाही. नाचत चालली आहे."

"पाय भाजताहेत तिचे," तात्या म्हणाले.

चितेपासून दहा हातांवर ती थांबली. तिथे एका खांबाची सावली पडली होती, तीत तिने दोन्ही पाय ठेवले. मग पागोटे दिरासमोर धरले.

"भावजी, हे घ्या," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या लोकांना ऐकू आला. "मला नाही जायचं."

दीर हळू बोलला. "वहिनी, आपणच म्हणालात."

"मी रडले. म्हणाले काही नाही."

वाजंत्री वाजतच होते, त्यांना मागे काही कळले नव्हते. दिराने इकडेतिकडे पाहिले. त्याला मी दिसलो.

"पत्र गेलं का हो?" त्याने तिथूनच विचारले.

मी म्हणालो, "गेलं."

तो तिच्याकडे वळला. तो ओरडला नाही. "वहिनी, सरदारांच्या दरबारी आपण सती गेलेल्या आहात. कागद रवाना झालाय. आता मागं फिरलात तर घराण्यानं सरदारांना खोटं कळवलं, असं होईल."

गर्दीतल्या कोणीतरी विचारले, "कुणाचा कागद?" दुसऱ्याने सांगितले, "शुक्रवारातल्या तात्यांचा." "मग खोटा नसणार," तिसरा म्हणाला. "ते एक अक्षर जास्तीचं लिहीत नाहीत."

दोघांनी तिला दंडांना धरले. ती किंचाळली नाही. तिने फक्त पाय सावलीतच ठेवायचा प्रयत्न केला आणि ते वाळूत ओढले गेले. मी एका जागी उभा होतो. ते वाक्य आधी माझे होते, आणि मी काहीही केले नाही. हेही लिहिले पाहिजे.

तात्या माझ्या शेजारी नव्हते. ते चितेपाशी पोचले होते. पेटती चूड धरून उभ्या असलेल्या माणसाच्या हातून त्यांनी ती घेतली. तो इतका गोंधळला की त्याने ती देऊनही टाकली.

"थांबा," तात्या म्हणाले. "कागद माझा आहे. वाक्य माझं आहे. खरं की खोटं ते आगीलाच विचारू. वाक्य खरं असेल तर हात पोळणार नाही. मग तिला न्या."

चूड त्यांच्या डाव्या हातात होती. उजवा हात, ज्याने ते लिहीत, त्यांनी तिच्या जाळात घातला आणि कचेरीत वाचायला लावत तसे सावकाश म्हणू लागले :

"शिलेदारांची स्त्री आज—"

हात आपोआप बाहेर आला. त्यांनी तो पुन्हा आत घातला. पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. या वेळी ते 'नदीकाठी'पर्यंत आले. जळत्या केसांचा वास मला पंचवीस हातांवर आला. पाचवा शब्द त्यांच्या तोंडातून निघाला नाही, वेगळाच आवाज निघाला. हात बाहेर आला आणि चूड वाळूत पडली.

त्यांनी हात वर करून लोकांना दाखवला. बोटांची कातडी सुटून लोंबत होती. पुढे उभ्या असलेल्या बायकांनी तोंडे फिरवली.

"पोळला," तात्या म्हणाले.

चितेपाशी एक वयोवृद्ध शास्त्री होते. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांनी हात जवळून पाहिला, तात्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि पुन्हा हात पाहिला. मग ते म्हणाले, "वाक्य खोटं आहे." वाजंत्री आधी थांबले. तिला धरलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दंड सोडले.

तिला घरात घेता येणार नाही, असे दीर म्हणाला. चितेपर्यंत येऊन परतलेल्या बाईला कोणीच घरात घेत नाही, हे सगळ्यांना माहीत होते. ती वाळूत बसली होती, पाय पदराखाली ओढून. लोक पांगू लागले. तेव्हा धायरीची एक बाई आपली बैलगाडी सोडून पुढे आली. तिला मी ओळखत होतो. ती आमच्या शेगडीला दर आठवड्याला गोवऱ्या आणून देई. त्या चितेच्या गोवऱ्याही तिनेच आणल्या होत्या.

"ह्या गवऱ्या माज्या हायत," ती दिराला म्हणाली. "लागल्या न्हाईत तर मी परत नेती. आन् बाईबी नेती. गाडीत जागा हाय."

तिने गोवऱ्या एकेक करून चितेवरून उतरवल्या आणि गाडीत भरल्या. मग तिच्याकडे वळून म्हणाली, "चल बाय. वर बस. पाय हिकडं गारव्याला सोड."

तात्यांनी हात नदीत बुडवला होता. मी त्यांच्याजवळ बसलो. मी विचारले, "तात्या, खऱ्याचा हात पोळत नाही?"

"सगळ्यांचा पोळतो," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी तुम्हाला दुसरं काय सांगतोय? पण त्यांना ते आज सांगून चाललं नसतं." पाण्यातल्या हाताकडे पाहत ते म्हणाले, "सात शब्द. चारच झाले. आणि मला वाटत होतं, लहान वाक्य आहे."

दुसऱ्या दिवशी ते हाताला केळीचे पान बांधून कचेरीत आले आणि मला म्हणाले, "लिही. मागील पत्रातला मजकूर खोटा. ती स्त्री जिवंत आहे." मी लिहिले. वकिलांनी शिक्का द्यायला नकार दिला. एक कागद खोटा म्हणून कळवला तर मागचे सगळे कागद संशयात येतील, असे ते म्हणाले. तात्यांनी शिक्का तीन वेळा मागितला आणि तिन्ही वेळा नकार मिळाला. पुढे दिराला भावाची जागा मिळाली आणि तो उत्तरेत गेला. जाण्यापूर्वी त्याने नदीकाठी सतीचा एक दगड बसवला. त्यावर बांगड्या भरलेला एक हात कोरलेला होता. बायका त्याला कुंकू लावू लागल्या.

तात्यांची बोटे पुन्हा सरळ झाली नाहीत. ते सांगत आणि मी लिहीत असे. दोन गोष्टी मात्र बदलल्या. जे घडले नाही ते आमच्या कचेरीतून पुन्हा गेले नाही. स्वारी परत येईपर्यंत जासूद दारात बसून राहत आणि शिव्या देत. दुसरे म्हणजे तात्यांनी आगी विझवणे सोडले. मला ते खरे वाटेना. पारखून पाहावे म्हणून मी एकदा मुद्दाम लिहिले, 'कारभारी संतापाने पेटले.' त्यांनी वाचले आणि कागद पुढे सरकवला.

"तात्या, पेटले लिहिलंय."

"राहू दे. पेटले म्हटल्यानं कुणी मेलेलं नाही," ते म्हणाले. "रोज येऊन असले शब्द मारत बसलो, आणि जो मारायचा तो आपल्या हातानं लिहिला."

पाच वर्षांनी ते वारले. ती बातमी मी त्यांना स्मशानात पोचवून परत आल्यावर लिहिली. पत्र एक दिवस उशिरा गेले.

आणखी सहा वर्षांनी जुने वकील गेले, नवे आले, आणि कचेरी माझ्याकडे आली. शिक्का हाताशी आल्यावर मी पहिला कागद लिहिला तो तात्यांनी सांगितलेला : मागील मजकूर खोटा, ती स्त्री जिवंत आहे, धायरी गावी राहते. दीड महिन्याने उत्तर आले. ते मी दोनदा वाचले. मग पगडी डोक्यावर ठेवली आणि धायरीला निघालो. तीन कोस चालताना ते उत्तर मी आणखी कितीदा वाचले, ते सांगता येणार नाही.

ती विहिरीवर होती. अंग भरले होते, केस थोडे पांढरे झाले होते. तिने मला ओळखले नाही, ते बरोबरच होते. मी कोण ते सांगितले. तिने घागर खाली ठेवली.

"त्यांचा हात बरा झाला होता का?" तिने विचारले.

"नाही."

तिने मान हलवली. मग मी कागद वाचून दाखवला. 'सदर स्त्री सती गेल्याचे दफ्तरी दाखल आहे. तिचे दीर सेवेत आहेत. सबब ती जिवंत असल्याचे पुन्हा लिहू नये.'

"परत वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचले.

"म्हणजे त्यांच्याकडे मी मेलेलीच?"

"हो."

"आणि तो दगडही राहणार?"

"राहणार."

तिने विहिरीत घागर सोडली, भरली आणि वर ओढली. "मग त्यांना एवढं कळवा—"

"पुन्हा लिहू नये म्हणतात."

"मग तुमच्याकडेच लिहून ठेवा," ती म्हणाली. "आज धायरीच्या विहिरीवरून एका मेलेल्या बाईनं बारा घागरी पाणी नेलं."

मी कागद काढला, बोरू काढला. मग विचारले, "ही कितवी?"

"अकरावी."

मी थांबलो. ती गेली, घागर रिती करून परत आली, भरली आणि बारावी घेऊन वळणापलीकडे गेली. मग मी लिहिले.